बाबांच्या हातानं लागलेली बोली

मीठ हवं असलं की माझे बाबा मीठ मागत नाहीत. तर्जनी वर करून हवेत एक छोटा गोल काढतात. म्हणजे, उचला. मग हात स्वतःकडे ओढतात. म्हणजे, इकडे आणा. बरणी ताटाशी आली की तळहात जमिनीकडे करून हात आडवा फिरवतात. थांबा.

"अहो, मी माणूस आहे, क्रेन नाही," आई म्हणते. पण बरणी बरोबर त्या जागेवर ठेवते.

बाबा बांधकामावर सिग्नलमन आहेत. उंच क्रेनच्या काचेच्या कॅबिनमध्ये बसलेल्या माणसाला खालचं सगळं दिसत नाही. हूकला लटकलेला सळ्यांचा भारा भिंतीपासून किती लांब आहे, त्याच्याखाली कुणी उभं नाही ना, तो कुठे टेकवायचा, हे खाली उभा असलेला सिग्नलमन हातांनी सांगतो. बाबा नारिंगी हातमोजे घालून धुळीत उभे असतात आणि वर कॅबिनमध्ये असते माझी आत्या, त्यांची थोरली बहीण.

"लहानपणी मी याला बोट धरून शाळेत न्यायचे," आत्या चारचौघांत सांगते, "आता हा मला बोटावर नाचवतो."

घरी या बहीणभावांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, वडिलांची जुनी सायकल ठेवायची की विकायची, सगळ्यावर वाद. साइटवर मात्र एकही शब्द न बोलता त्यांनी अख्ख्या इमारती उभ्या केल्यात. आता सगळ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी असतात. आत्याच्या कॅबिनमध्येही आहे. ती तो वापरते, पण नाइलाजानं.

"कुणीतरी कानात कुजबुजणार, आणि तेवढ्यावर मी माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवू? मला त्याचे हात दिसू देत. हात खोटं बोलत नाहीत."

भार हवेत असताना सिग्नलमनला हाक मारायची नाही, त्याला हात लावायचा नाही, हा त्या कामातला पहिला धडा. फोरमननंसुद्धा नाही. सिग्नलमन तर तेवढा वेळ कानच बंद करून ठेवतो, कारण साइटवर दहा दिशांनी दहा जण ओरडत असतात. त्याच्यापुढे फक्त भार असतो. आणि बाबांचं स्वतःचं एक तत्त्व आहे. दिलेली खूण नाकारायची नाही. चुकली तर निस्तरायची, पण "मी असं दाखवलंच नव्हतं" म्हणायचं नाही.

"का?" मी एकदा विचारलं होतं.

"असं म्हणणारा सिग्नलमन एकदा भेटला ना, की वरचा माणूस खाली बघणंच सोडतो."

त्यांचे हात सतत हलत असतात म्हणून साइटवर सगळे त्यांना 'पंखा' म्हणतात.

तर या पंख्यानं आणि आत्यानं मिळून लहान मुलांच्या रुग्णालयाची नवी इमारत उभी केली. आतल्या खाटा आणि यंत्रांसाठी पैसे कमी पडले, म्हणून इमारतीच्याच नव्याकोऱ्या सभागृहात एका संध्याकाळी लिलाव ठेवला. देणगीदार पुढच्या रांगांत, बांधणारे मागच्या. आमची अख्खी मागची रांग इस्त्री करून आली होती. गिलावा करणारे काका तर स्वतःच्याच भिंतीला टेकून बसायला तयार नव्हते, मळेल म्हणून. आत्याला मात्र क्रेन चालवणारी बाई म्हणून पुढे, कडेच्या खुर्चीवर बसवलं होतं. मांडीवर फुलांचा गुच्छ आणि चेहऱ्यावर 'हे केव्हा संपणार' असा भाव.

लिलाव पुकारायला एका नटाला बोलावलं होतं. आवाज असा, की माइक उगाच. एक चित्र गेलं, एका गायिकेची शाल गेली, मग व्यासपीठावर एक बारीकशा, चष्मेवाल्या लेखिकाबाई आल्या. रहस्यकथा लिहितात, पण दिसायला अगदी शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई.

"यांच्याकडे वस्तू काहीच नाही!" नट म्हणाला. "पण जो सर्वात मोठी बोली लावेल, तो सांगेल ते नाव या आपल्या पुढच्या कादंबरीतल्या एका पात्राला देतील. तुमचं, बायकोचं, शत्रूचं, कुणाचंही! बोला!"

"मी!" पहिल्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी हात वर केला.

"डॉक्टरसाहेब! खुनी व्हायचंय की बळी?"

"नायक!"

हशा पिकला. आणि नेमक्या त्याच क्षणी व्यासपीठामागच्या मोठ्या कापडी फलकाची डावी दोरी सुटली. फलक एका खांद्यानं लोंबकळायला लागला. दोन कामगार शिड्यांवर चढले आणि एकेक दोरी ओढायला लागले. पण इतक्या जवळून फलक सरळ झाला की नाही हे त्यांना कळेना. त्यांनी मदतीसाठी सभागृहाकडे पाहिलं.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. बाबा उभे होते.

तर्जनी वर, छोटा गोल. डावी बाजू, वर.

"आणि मागच्या रांगेतून बोली!" नट गरजला. "वा! डॉक्टर, तुम्हाला स्पर्धा आली!"

डॉक्टरांनी हात उंचावला. बाबांनी दुसरा तळहात तर्जनीच्या वर आडवा धरला आणि गोल लहान केला. म्हणजे, सावकाश वर.

"मागचे साहेब सोडत नाहीत! काय ती शैली! डॉक्टर?"

डॉक्टर. बाबा. डॉक्टर. बाबा.

"अरे, पंखा बोली लावतोय," गिलाव्याचे काका कुजबुजले.

"गप," फोरमन म्हणाला. "हात चालू आहेत त्याचे."

"पण त्याला माहीत तरी आहे का?"

"नसेल. म्हणून काय झालं? भार हवेत आहे."

खरंच सांगते, अख्खी रांग बघत होती. ज्यानं बघायला नको म्हणून डोळे मिटले तोही बोटांच्या फटीतून बघत होता. एकानंही बाबांचा शर्ट ओढला नाही. आईची नखं माझ्या दंडात रुतली होती.

"अगं, थांबव त्यांना!"

"तू थांबव."

"मी कशी थांबवू?" आईनं फलकाकडे पाहिलं. "अजून टेकला कुठे?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली. डॉक्टर बसले. त्याच वेळी फलक अगदी सरळ झाला, बाबांनी तळहात खाली करून हात आडवा फिरवला, आणि नटाचा हातोडा दाणकन आपटला.

"गेलं! निळ्या शर्टातल्या साहेबांना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या माना मागे वळल्या. बाबांना वाटलं, फलकासाठी. त्यांनी संकोचून जराशी मान लववली आणि खाली बसले.

"लोक चांगले आहेत," ते मला म्हणाले. "एवढ्याशा कामाचं कौतुक करतात."

"बाबा, तुम्ही बोली जिंकलात."

"कसली बोली?"

मी सांगितलं. आकडाही सांगितला. तो आकडा म्हणजे आई कितीतरी दिवसांपासून थोडं थोडं बाजूला टाकत होती ते वॉशिंग मशीन, आणि वर आणखी काहीतरी. बाबांचे हात मांडीवर पडले. ते असे निपचित पडलेले मी कधी पाहिले नव्हते.

नट हुशार होता. आमच्या रांगेचे चेहरे बघून तो माइक घेऊन खाली आला. माणूस वाईट नव्हता, आवाजही त्यानं मऊ केला. "साहेब, काही घोटाळा झालाय का? मोकळेपणानं सांगा. तुम्ही बोली लावली नव्हती असं म्हणा, विषय संपला. डॉक्टर तयारच आहेत."

पुढे कुणीतरी खुदकन हसलं. फोरमन बाबांकडे बघत होता. वायरमन, सळ्या बांधणारे, गिलाव्याचे काका, सगळे बघत होते. या सगळ्यांनी कधी ना कधी बाबांच्या हातावर विसंबून लोंबत्या लोखंडाखालून मान काढून घेतलेली. बाबा उठले. तोंड उघडलं. 'मी असं दाखवलंच नव्हतं' हे वाक्य त्यांच्या ओठांवर होतं, आणि ते म्हटलं असतं तर कुणीच त्यांना दोष दिला नसता. तेच तर वाईट होतं.

तेवढ्यात पुढे, कडेच्या खुर्चीतून आत्या उठली. गुच्छ मांडीवरून घरंगळला. ती पूर्ण मागे वळली आणि तिनं दोन्ही हात पोटासमोर घट्ट गुंफले.

सभागृहाला वाटलं, बाई प्रार्थना करतायत. आमच्या रांगेला कळलं. त्या खुणेचा अर्थ आहे, सगळं आहे तसं धरून ठेव. आयुष्यभर खुणा बाबांकडून आत्याकडे गेल्या होत्या. तिच्याकडून त्यांच्याकडे आलेली ही पहिली.

बाबांनी नटाच्या हातातून माइक घेतला.

"मी फलक सरळ करत होतो," ते म्हणाले. "बोलीबिली मला काही ठाऊक नव्हतं. हे खरं आहे."

हशा उसळला. तो ओसरेपर्यंत ते थांबले.

"पण तुम्ही माझा हात बघून हातोडा मारला. माझ्या हातावर ज्यानं भार उचलला, त्याला मी तोंडघशी पाडत नाही. बोली माझी."

मग फोरमन उभा राहिला. मग अख्खी मागची रांग. टाळ्या पुढच्या रांगांपर्यंत पोचल्या तेव्हा डॉक्टरही उभे होते, आणि त्यांची बायको त्यांच्या आधी. माझ्या दंडातली नखं सैल झाली. आई डोळे पुसत म्हणाली, "मेलं ते मशीन. हात आहेत ना मला."

लेखिकाबाई स्वतः चालत मागे आल्या. "सांगा, कुणाचं नाव देऊ?"

बाबांनी बोट केलं. "हिचं."

"वेडा आहेस का रे?" आत्या रांगा ओलांडत येऊन पोचली होती. "बोली तुझी, पैसे तुझे, आणि नाव माझं?"

"ताई, मला सगळे बघतात. नारिंगी हातमोजे घालून मध्यभागी उभा असतो. तुला कोण बघतं? तू वर डब्यात."

"मला काय कुणी बघायला हवंय? मी सगळ्यांना बघते!"

"बाई, तिचंच लिहा."

"बाई, याचं लिहा. हा लहान आहे, हट्ट करतोय."

"तुम्ही दोघं नेहमी असेच भांडता?" लेखिकाबाईंनी विचारलं.

"नाही, आज लोक आहेत म्हणून कमी," आई म्हणाली.

शेवटी आत्याच नमली, पण अट घालून. "घालायचं तर पूर्ण घाला. माझं, वडिलांचं आणि आडनाव. आडनावात हाही येतो. आणि एक सांगून ठेवते, तिला उंचीची भीती वगैरे देऊ नका. साइटवर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तिचा खून झाला तर चालेल?"

आत्यानं विचार केला. "चालेल. पण पडून नको."

लेखिकाबाईंनी तिथल्या तिथे शब्द दिला.

यानंतर बाबांच्या जिवाला जो घोर लागला तो काही औरच. पैशांचा नव्हे. पैसे त्यांनी भरले आणि आईनं बादलीत कपडे बुडवताना त्या संध्याकाळची गोष्ट शेजारणींना इतक्यांदा सांगितली, की आम्हाला पाठ झाली. तिच्या गोष्टीत दर वेळी डॉक्टर थोडे जास्त श्रीमंत होत गेले. बाबांचा घोर वेगळाच होता.

"मी ताईचं नाव उचलून दिलं," जेवता जेवता ते म्हणायचे. "आता ते मला दिसत नाही. कुठे नेतायत, कसं ठेवतायत, काही कळायला मार्ग नाही."

"अहो, पुस्तक आहे ते. गच्चीवर वाळू चढवताय का?"

"भार डोळ्याआड गेला की मी सिग्नलमन कसला? उद्या तिला चोर केलं म्हणजे? लोक हसले म्हणजे? ती मला म्हणेल, तूच दाखवलं होतंस वर."

आत्या काही म्हणणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही होतं. पण आजवर त्यांच्या हातून गेलेला एकही भार आपटला नव्हता, आणि हा पहिलाच असा होता की ज्याच्यासमोर त्यांना उभं राहता येत नव्हतं. पुस्तकांच्या दुकानावरून जाताना ते काचेतून आत डोकावायचे. आत जायचे नाहीत.

बरेच महिने गेले. रुग्णालयात मुलं आली, खाटा आल्या, बाबा आणि आत्या दुसऱ्या साइटवर गेले. आणि एका सकाळी फाटकापाशी आत्याच्या नावानं एक पाकीट आलं. तिनं ते फाडून आत पाहिलं, पुस्तक जाकिटात कोंबलं आणि सरळ क्रेनची शिडी चढायला लागली.

"अगं, दाखव तरी!" बाबा खालून ओरडले.

"खाली वाचलं तर तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसाल! जेवणाच्या सुट्टीत वाचते!"

त्या दिवशी बाबा जेवणाचा डबा घरीच विसरले होते, म्हणून मी तो द्यायला गेले तेव्हा हा तमाशा आयता बघायला मिळाला. सुट्टी झालेली. क्रेन थांबलेली. एकही माणूस जेवत नव्हता. अख्खी साइट माना वर करून उभी.

"वॉकीटॉकीवर विचार की," गिलाव्याचे काका म्हणाले.

"वॉकीटॉकीवर खाजगी बोलायचं नाही," फोरमन म्हणाला. नियम त्याचाच होता आणि त्याला त्या क्षणी त्याचा फार पश्चात्ताप होत होता.

बाबा मध्यभागी उभे होते. हातमोजे घातलेले. हात बाजूला.

अखेर कॅबिनचं दार उघडलं. आत्या बाहेरच्या छोट्या जाळीवर आली, पुस्तक काखेत. तिनं एक हात डोक्याच्या खूप वर नेला, टाचा उचलून.

"काय म्हणतेय?"

"उंच," बाबा म्हणाले. "ती बाई उंच आहे म्हणतेय."

साइट खो खो हसली. आत्याचे पाय कॅबिनमध्ये जमिनीला टेकत नाहीत, तिथे फळी ठोकलेली आहे.

आत्यानं मूठ वळून मनगट फिरवलं.

"नळ सोडला?" वायरमन म्हणाला.

"किल्ली," बाबा म्हणाले. "कुलूप लावलं. दाराला कुलूप लावलं तिनं."

मग आत्यानं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा आवळल्यासारखं केलं आणि जीभ बाहेर काढली.

"मेली," गिलाव्याचे काका पुटपुटले.

बाबा हलले नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही हात पसरले. काय? आत्यानं जोरानं नकाराची मान हलवली. पुन्हा गळा आवळून दाखवला, मग बोट लांब कुठेतरी रोखलं, आणि पुन्हा किल्ली फिरवली.

"गळा आवळणारा," बाबा हळूहळू म्हणाले. "खुनी. खुन्याला कोंडलं! ताईनं खुन्याला खोलीत कोंडलं!"

"एकटीनं?" फोरमननं विचारलं.

बाबांनी एक बोट वर करून विचारलं. आत्यानं एक बोट वर करून छाती पुढे काढली.

मग तिनं पुस्तक पायाशी ठेवलं. तिनं दोन्ही तळहात खाली केले, अगदी सावकाश कमरेपर्यंत आणले आणि बाजूला सरकवले. ही खूण साइटवरच्या पाणी देणाऱ्या मुलीलाही समजते.

"टेकलं," बाबा म्हणाले. "नीट टेकलं."

त्यांनी हातमोजे काढले, कारण हातमोज्यांत टाळी वाजत नाही, आणि वर बघत टाळ्या वाजवायला लागले. मग सगळेच. लोखंडी पाइपवर कुणी पाना आपटत होतं, कुणी हेल्मेटवर थापा मारत होतं.

फोरमनच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. आत्याचा आवाज.

"अरे, त्याचे हात दिसत नाहीत मला. मोजे कुठेयत? काय करतोय तो?"

फोरमननं बटण दाबलं. "टाळ्या वाजवतोय. तुझ्यासाठी."

वर आत्यानं जाळीवरून वाकून खाली पाहिलं.

"बरं," आत्या म्हणाली. "वाजवू दे."